तीस मीटर खोल स्वयंपाकघर

हुजूरचे सेवेसी बखरनवीसाची विज्ञापना ऐसीजे. हुजूरची आज्ञा आली की, कंपनी बुडाली, यंत्र मेले, मेलेले उठले आणि उठून रुसले, त्या समयी घरात व पाण्यात काय वर्तमान घडले ते आद्यंत लिहून पाठवावे, हातचे राखू नये, स्वतःस वाचवून लिहू नये. आज्ञा शिरसावंद्य मानून लेखणी उचलिली. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे रावांची शोभा राखावी म्हणून घातले, आणि शोभा तरीही राहिली नाही, सबब तेवढे वगळून वाचिले तरी चालेल. राव म्हणजे या मोहिमेचे खासे सेनापती. राव आणि बखरनवीस एकाच खुर्चीवर बसतात, एकाच चष्म्यातून पाहतात आणि एकाच बायकोस भितात, हे आरंभीच कलमबंद करितो, म्हणजे पुढे कोणी ओळखल्याची हुशारी मिरवू नये.

राव पेशाने लिफ्ट तपासनीस. इमारतोइमारती फिरावे, दोर पाहावे, ब्रेक पाहावे, पाळण्यात वजने भरून जास्तीचा भार चढवावा आणि तो तासभर तसाच लटकत ठेवावा, आणि मग काही तुटले नाही तर दाखल्यावर सही करावी, ऐसा कारभार. रावांची सही असलेली लिफ्ट कधी पडली नाही, हा त्यांचा एकच अभिमान, आणि तो ते लग्नकार्यातही सांगत. पुढे पन्नाशी उलटली आणि पोटाने आघाडी घेतली, तेव्हा घरच्या बाईसाहेब, ज्या दातांच्या डॉक्टर, यांचे फर्मान निघाले की व्यायाम करावा, अथवा जेवताना बाईसाहेबांच्या नजरेस पडू नये. मग राव शहराच्या पाणबुड्या मंडळात दाखल जाहले, आणि बरोबर चिरंजीव कन्या खारू हिलाही घेतले. लहानपणी कपाटावर चढून बसे म्हणून खारू. आता नोकरीच्या वयाची जाहली तरी नाव तेच राहिले.

आता यंत्राचा मजकूर. पाण्याखाली जाणे कोणासही साधते, धोंड्यासही साधते. वर येणे ही विद्या. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेता हवा अंगात मुरते, आणि माणूस घाईने वर आला तर तीच हवा रक्तात बुडबुडे होऊन हिंडते, मग सांधे धरतात, हातपाय लुळे पडतात, प्रसंगी प्राणाशी गाठ. सबब सावकाश, थांबत थांबत वर यावे लागते. किती खोल गेलो, किती वेळ जाहला, कोठे किती थांबावे, याचा हिशेब मनगटावर बांधलेले एक यंत्र करिते, त्यास डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. रावांचे यंत्र मोठ्या नामांकित कंपनी सरकारचे, ताटलीएवढे, काळे. त्यावर रावांची निष्ठा ऐसी की पाण्यात उतरल्यापासून वर येईतो त्यांनी नजर मनगटावरून हलविली नाही. समुद्रात रंगीबेरंगी मासे असतात, हे रावांनी ऐकीव माहितीवरून मान्य केले होते.

धक्क्यापासून होडीने थोडे गेले की दहा मीटर पाण्यात एक जुना लोखंडी तराफा बुडून पडला आहे, तेथे बापलेकीचा नेम. तराफ्याच्या एका भोकापाशी खारू दर खेपेस थांबे आणि आत बोट दाखवी, आणि राव मनगट पाहता पाहताच अंगठा व तर्जनी जुळवून 'ठीक आहे' ऐशी खूण करीत. वर आल्यावर खारू पुसे, "बाबा, दिसली ना?" आणि राव म्हणत, "हो तर, मस्तच." काय दिसले हे पुसण्याचे धैर्य रावांस जाहले नाही, आणि वर्षे लोटली तसे ते पुसणे अधिकच अवघड होत गेले.

ऐसे सुखाने चालले असता एके दिवशी राव एका लिफ्टीत दोन मजल्यांच्या मध्ये उभे असताना फोनवर खलिता आला की, कंपनी सरकारचे दिवाळे वाजले. कारखान्यास कुलूप, दुरुस्तीच्या दुकानांस कुलूप, बॅटरीचे झाकण मिळणे नाही, झाकणाखालची रबरी कडी मिळणे नाही, यंत्र बिघडल्यास धन्याने धीर धरावा. ज्यांनी जगास सुखरूप वर येण्याचे यंत्र दिले ते स्वतः खाली गेले ते गेलेच. मग यंत्रधारकांच्या फोनवरील दरबारात एकच आकांत उडाला. कोणी लिहिले की आपण आधीच सांगत होतो. कोणी मेलेली यंत्रे विकत घेऊ लागले, की त्यांचे अवयव पुढे उपयोगी पडतील. कोणी रातोरात दुसऱ्या कंपनीच्या छावणीत गेले आणि तेथून सांत्वनाचे संदेश धाडू लागले, जे शिव्यांहून कडू. राव मात्र स्थिर राहिले. ते म्हणाले, आपले यंत्र चालू आहे, मेले ते दुसऱ्यांचे. हे बोलून आठवडा गेला नाही तो रावांच्या यंत्राची बॅटरी संपली.

वेळ मोठी नाजूक. कारण खारूस परमुलुखी नोकरी लागली होती, आणि ते शहर ऐसे की तेथून समुद्र गाठण्यास दोन गाड्या बदलाव्या लागतात. मंगळवारी तिचे प्रस्थान. त्याआधीच्या रविवारी तराफ्यावर शेवटची बुडी मारायची, ऐसा बापलेकीचा करार. मंडळाचा कायदा ऐसा की ज्याचे त्याचे यंत्र मनगटावर असल्याविना कोणी पाण्यात उतरू नये. मंडळाची भाड्याची यंत्रे नवशिक्यांच्या तुकडीने आधीच उचलिली होती, उरले ते एक खारूच्या नावे, आणि नवे यंत्र मागवावे तर ते रविवार टळून पंधरवड्याने पोचणार. तेव्हा यंत्र उठले तर राव लेकीबरोबर पाण्यात, नाही तर राव धक्क्यावर टॉवेल धरून उभे, ऐसा प्रसंग येऊन ठेपला.

रावांनी प्रथम कंपनी सरकारच्या मदतकेंद्रास फोन लाविला. कंपनी बुडाली तरी तिचे वाजंत्री वाजतच होते. मधून मधून एक बाई सांगे की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. राव अर्धी दुपार तो वाद्यमेळ ऐकत राहिले, इतके की पुढे भाजी चिरताना ते तेच गुणगुणू लागले आणि बाईसाहेबांनी ते बंद करविले. मग राव स्वतः हत्यारे घेऊन बसले, आणि झाकणाचे स्क्रू काढू जाता त्यांची डोकी ऐशी चमत्कारिक की घरचा एकही पेचकस त्यांत बसेना. जोर केला तेव्हा पेचकस निसटून रावांच्या अंगठ्यात गेला. या मोहिमेत सांडलेले रक्त तेवढेच, आणि ते रावांनी सर्वांस दाखविले.

तेव्हा बाईसाहेबांनी अंगठ्यास पट्टी बांधिली, यंत्र उचलिले आणि शनिवारी सकाळचे पेशंट आटोपल्यावर ते आपल्या दवाखान्यात नेले. कुमकेस त्यांचे धाकटे बंधू आले. हे रावांचे मेहुणे, सायकलींचे दुकान चालवितात, आणि जगातील कोणतीही वस्तू पंप मारून अथवा तेल देऊन सुधारते ऐशी त्यांची श्रद्धा. यंत्र पेशंटच्या खुर्चीत निजविले, खाली कागदी रुमाल अंथरिला, वर दिवा ओढिला. राव मागे उभे राहून सूचना करू लागले तेव्हा बाईसाहेब बोलिल्या, "अहो, तुम्ही बाहेर बसा. पेशंटचे नातेवाईक आत नकोत." राव बाहेर बसले आणि हिरड्यांच्या निगेवरचे माहितीपत्रक दोनदा वाचिले.

आत बाईसाहेबांनी दात कोरण्याच्या बारीक हत्याराने चारही स्क्रू काढिले, जुनी बॅटरी उपटली, आतला मळ आरसा धरून साफ केला. पाणी आत येऊ नये म्हणून झाकणाखाली जी रबरी कडी असते ती चिरली होती, आणि तिची जोड कंपनीबरोबर बुडाली होती. मेहुण्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सुचविला, तो नामंजूर जाहला. मग बाईसाहेबांनी कपाटातून एक डबी काढिली, तीत पेशंटच्या तोंडातली लाळ ओढणाऱ्या नळीच्या कड्या होत्या, लहानमोठ्या, आणि त्यांतली एक अशी चपखल बसली की जणू त्या झाकणासाठीच जन्मली होती. बॅटरी बसताच पडदा उजळला. राव बाहेरून धावत आले आणि त्यांचे डोळे भरून आले. कंपनी सरकारचे मानाचे यंत्र, ज्याचा दिमाख रावांनी भर मंडळात मिरविला, ते त्या दिवसापासून लाळेच्या नळीच्या जिवावर आहे, हे मात्र त्यांनी मंडळात कोणास सांगितले नाही.

येथवर सर्व ठीक. येथून पुढे रावांची अक्कल.

यंत्र पाण्यात टिकते की नाही याची परीक्षा समुद्रात नेण्याआधी घरी घ्यावी, ऐसी मसलत निघाली. मेहुण्यांनी स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरचे पारदर्शक नळकांडे खोलून काढिले, त्यात पाणी भरून यंत्र सोडिले, वर झाकण घट्ट केले, आणि त्यास सायकलचा पंप जोडून काटा तीन बारवर जाईतो पंप मारिला. म्हणजे यंत्रास तीस मीटर खोल समुद्राचा दाब. घरचे पिण्याचे पाणी बंद पडले, सबब बाईसाहेब तांब्या घेऊन शेजारी गेल्या आणि शेजारणीस जे सांगावयाचे ते सांगून आल्या. नळकांड्यात एकही बुडबुडा निघाला नाही, आत एक थेंबही गेला नाही.

मेहुणे म्हणाले, "भावजी, पाच मिनिटं पुरे झाली की." त्यावर राव ताठ जाहले. लिफ्टीवर भार चढवून पाच मिनिटांत उतरविणारा तपासनीस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि आपल्याच घरात तसला होणे त्यांस मंजूर नव्हते. त्यांनी हुकूम सोडिला की, दाब तासभर ठेवावा, कोणी हात लावू नये. मग दोघे समोर स्टुले मांडून बसले. थोड्या वेळाने यंत्र वाजू लागले, आधी अधूनमधून, मग जोराने, मग अखंड. राव म्हणाले, बघा, खुशीत आहे. मेहुण्यांनी यंत्रास नमस्कार केला. तास भरला तेव्हा रावांनी इशारत केली, आणि मेहुण्यांनी झडप एकदम उघडली, आणि फुस्स ऐसा आवाज होऊन काटा शून्यावर आला. दोघांनी हात उंचावून फत्ते जाहीर केली, आणि त्याच समयी खारू बाजारातून पिशव्या घेऊन आत आली.

तिने यंत्र उचलून पडदा पाहिला. पिशव्या खाली ठेविल्या. मग शांतपणे बोलिली, "बाबा, तू तासभर तीस मीटरवर बसला होतास, आणि आत्ता एका सेकंदात वर आलास. ते बिचारं केव्हाचं ओरडत होतं, थांब थांब म्हणून."

राव म्हणाले, "बरं मग?"

"मग काय, त्याच्या मते तू वाचायला नको होतास. दोन दिवस पाण्यात जायचं नाही म्हणून कुलूप लावलंय त्यानं."

आतल्या खोलीतून बाईसाहेबांचा आवाज आला, "मग चहा टाकू की नको त्यांचा?"

ज्याने हयातभर लोकांस सांगितले की खाली जाताना असो की वर येताना, वेग सांभाळा, त्या लिफ्ट तपासनिसाने हे केले, याची नोंद इतिहासाने घ्यावी. हे कुलूप उघडण्याचा परवलीचा शब्द पूर्वी कंपनी सरकार फोनवर सांगत असे. राव पुन्हा फोन लावून बसले, पुन्हा वाजंत्री ऐकिले, पुन्हा आपण महत्त्वाचे असल्याचे कळले. कुलूप सोमवारी दुपारी आपोआप उघडणार होते आणि बुडी रविवारी सकाळी होती. मेहुणे फिल्टर परत जोडू लागले तो जोडला गेला नाही, आणि ओट्याखाली तळे जाहले. राव त्याच्या काठी फडके घेऊन बसले. तेव्हा खारू शेजारी बसली आणि म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. मी मंडळाच्या उस्तादांबरोबर जाईन." राव म्हणाले, "हो, जा की. त्यात काय." इतके वाईट त्यांस अंगठ्यात पेचकस गेला तेव्हाही वाटले नव्हते.

रविवारी सकाळी राव टॉवेल घेऊन धक्क्यावर गेले. कुलूपबंद यंत्रही मनगटावर बांधिले होते, ते केवळ सवयीने. मंडळाचे उस्ताद, ज्यांनी दोघांस पाण्यात जाणे शिकविले, यांनी ते पाहून पुसिले की काय जाहले, आणि खारूने सर्व सांगितले, फिल्टर, पंप, तास, फुस्स. उस्ताद इतके हसले की होडी बांधलेल्या दोराशी हेलकावू लागली, आणि पलीकडची नवशिक्यांची तुकडीही काही न कळता हसू लागली. मग उस्तादांनी डोळे पुशिले आणि एकच सवाल केला, "काल तुम्ही स्वतः पाण्यात होतात का?"

राव म्हणाले, "नाही. मी स्टुलावर होतो."

"मग दोन दिवस बंदी त्या फिल्टरला."

आणि उस्तादांनी निवाडा दिला तो येणेप्रमाणे. यंत्र कुलूपबंद असले तरी खोली आणि वेळ तेवढी दाखविते, आणि यंत्रे नव्हती त्या काळी माणसे एवढ्यावरच उतरत. फक्त किती खोलीस किती वेळ राहावे याचा छापील तक्ता पाहून ठरवीत. तो तक्ता उस्तादांनी पेटीतून काढिला आणि रावांस समोर बसवून वाचावयास लाविला. तराफ्याहून खाली जाणे नाही. तक्त्यातल्या वेळेच्या निम्म्यात वर येणे. आज खारू पुढे, राव मागे. ती थांबेल तेथे थांबावे, ती वर चला म्हणेल तेव्हा तक्रार न करिता निघावे. बुड्या मारू लागल्यापासून रावांनी लेकीस पुढे होऊ दिले नव्हते. त्यांनी मान तुकविली, टॉवेल घडी करून ठेविला, आणि टाकी पाठीस बांधावयास दिली.

मग दोघे पाण्यात उतरले. उतरताच रावांनी सवयीप्रमाणे मनगट पाहिले. तेथे दोन आकडे आणि कुलुपाची खूण, बाकी कारभार बंद. थांबा म्हणणे नाही, चला म्हणणे नाही, इतका अवकाश उरला म्हणणे नाही. रावांनी पुन्हा पाहिले, पुन्हा तेच. ऐसे जाहल्यावर पाहावयास दुसरे काही उरले नाही, सबब रावांनी मान वर केली.

तो पुढे खारू होती. तिच्या पायांतले हिरवे पंख संथ हलत होते, ती घाई करीत नव्हती, आणि दर थोड्या वेळाने वळून बाप मागे आहे की नाही हे पाहत होती. ती ऐसे वळून पाहते हे रावांस ठाऊक नव्हते. भोवती मासे होते, पिवळे, पट्ट्यांचे, एक निळा तर इतका निळा की रावांच्या तोंडातून नळी सुटता सुटता राहिली. ऐकीव माहिती खरी निघाली. मग तराफा आला, आणि खारू त्या भोकापाशी थांबली आणि तिने बोट दाखविले.

राव पुढे जाहले आणि आत पाहिले. आत एक मोठी वाम मासोळी होती, सापासारखी लांब, म्हातारी, ठिपक्यांची, एका डोळ्याची, भोकाबाहेर डोके काढून तोंड उघडीत मिटीत, जसे बाईसाहेबांच्या खुर्चीतले पेशंट बोलू पाहतात तशी. राव तिजकडे पाहत राहिले आणि ती रावांकडे. तिने रावांस अर्थातच ओळखिले असावे. ती इतकी वर्षे त्यांस पाहतच होती.

रावांनी 'ठीक आहे' ऐशी खूण केली नाही. त्यांनी खारूचा हात धरिला. मग दोघे तेथे तरंगत राहिले, आणि खारूने वर चला म्हटले तेव्हा तक्रार न करिता निघाले, थांबत थांबत, सावकाश, जसे यावे तसे.

होडीत चढल्यावर खारू मास्क काढून म्हणाली, "दिसली ना?" राव म्हणाले, "एक डोळा नाहीये तिला." खारूने मास्क पाण्यात विसळला. मग म्हणाली, "हो. आधीपासूनच नाहीये."

सोमवारी दुपारी बॅगा भरणे चालू असता टेबलावर यंत्र आनंदाने वाजले आणि पडद्यावर आले की, आपण आता पाण्यात उतरू शकता. मंगळवारी प्रस्थान जाहले तेव्हा रावांनी ते खारूच्या हाती दिले. तिने पुसिले की समुद्र नाही तेथे याचे काय करू. राव म्हणाले, घड्याळ म्हणून तरी वापर, वेळ बरोबर दाखवितं, आणि लागलीच बॅगेची चाके तपासू लागले.

आता ही बखर का लिहिली ते लिहितो. जिची आज्ञा आली ती हुजूर म्हणजे खारू. तिकडे गेल्यावर एका रविवारी तिने यंत्राच्या पोटातल्या जुन्या नोंदी चाळिल्या आणि संदेश धाडिला तो जसाच्या तसा, "बाबा, यात आपली शेवटची बुडी नाहीच. कुलूप असताना ते नोंद करत नाही वाटतं. किचनची तेवढी आहे. सगळ्यात खोल, सगळ्यात लांब, तुझा विक्रम आहे तो. दुसरी तूच लिहून पाठव. जुन्या भाषेत लिही, पगड्याबिगड्या घालून, म्हणजे मला रडू येणार नाही."

आज्ञेप्रमाणे लिहिले. वाचणाऱ्याचे माहीत नाही, लिहिणाऱ्यास त्या भाषेचा उपयोग जाहला नाही. कंपनी गेली, ती पुसावयास येणार नाही, सबब पुढील दुरुस्ती बखरनवीस आपल्या अधिकारात करितो. यंत्रातली तीस मीटरची नोंद रद्द समजावी. तेथे राव नव्हते. दहा मीटर, तराफ्यापाशी, खारूचे मागे, ही नोंद कायम समजावी; तेथे होते.